उरलेल्या तीन

खोली बर्फगोदामाच्या वर. पूर्वी इथे
टोप्यांचे आणि हातमोज्यांचे खोके असायचे.
मी आले तेव्हा कंपनीने दोन खुर्च्या दिल्या,
कागदी रुमालांचा डबा,
आणि दाराला एक पाटी, जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही,
लोकांना संकोच वाटू नये म्हणून.
त्यामुळे आता अख्ख्या किलीबेग्जला ठाऊक आहे
की कोरी पाटी म्हणजे मी.

माणशी सहा भेटी. फुकट.
पगाराच्या चिठ्ठीमागे बारीक अक्षरांत छापलंय.
सहाच का, असं मी एकदा फोनवर विचारलं होतं
डब्लिनच्या बाईंना.
सरासरी काढलीय, म्हणाल्या.

कॉनल ब्रेस्लिन आला तो नोव्हेंबरात,
बांगड्याचा हंगाम भरात असताना.
पांढरे गमबूट दाराबाहेर काढले.
मोजा फाटून अंगठा बाहेर आलेला,
तो दुसऱ्या पायाखाली झाकून बसला
आणि पाऊण तास कुत्रीबद्दल बोलला.
फ्लॉसी. कान पिकलाय. औषध घालू देत नाही.
दुसऱ्या भेटीतही फ्लॉसीच.
मी मान हलवत होते, घड्याळाकडे न बघता
घड्याळ बघायची कला आम्हाला शिकवतात.

तिसऱ्यांदा म्हणाला,
'रात्री पायांवर झोपते ते बरंय,
नाहीतर व्हॅनमध्ये बोटं बधिर होतात.'

कुठली व्हॅन, एवढं विचारायला
मला किती वेळ लागला!

धक्क्याच्या टोकाला, डिझेलच्या टाकीमागे. पाच आठवडे.
नाही, कुणी बाहेर काढलेलं नाही.
किल्ली खिशात आहे. बायको जेवण झाकून ठेवते.
पोरगा पर्थला गेला. विमानतळावर
मी हात पुढे केला, त्याने बॅग तेवढी घेतली.
आता ती त्याच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू ठेवते,
दाराखालून उजेडाची फट दिसते,
आणि मी जिन्यावरूनच परत फिरतो.

हे सगळं तो अंगठ्याला सांगत होता.

चौथ्या बुधवारी दारातच उभा. बूट काढले नाहीत.
'रविवारी घरी झोपलो,' म्हणाला, 'जमिनीवर. पण घरी.
आणि एक विचारायचं होतं.
माझ्या तीन उरल्यात.
त्या दुसऱ्या कुणाला देता येतात का?'

दनूता. तिसरा पट्टा. सुरी इतकी भरभर चालते
की काटासुद्धा सुटल्याचं माशाला कळू नये.
जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडून
आत डोकं घालून उभी राहते, वीस मिनिटं.
लोकांना वाटतं, काहीतरी शोधतेय.
ती एजन्सीकडून आलेली.
तिच्या चिठ्ठीमागे काही छापलेलं नाही.

मी म्हटलं, कॉनल,
ही काय वाटीभर साखर आहे, शेजारी द्यायला?
तो म्हणाला, 'मग काय आहे?'

माझ्याकडे नियमांची पुस्तिका आहे. बेचाळीस पानं.
तिच्यात या प्रश्नाचं उत्तर पान नऊवर आहे
आणि ते मला पाठ आहे.

वहीत आता असं दिसतं :
ब्रेस्लिन, चौथी. ब्रेस्लिन, पाचवी. ब्रेस्लिन, सहावी.
सह्या त्याच्याच, खऱ्या.
पाळी संपली की वर येऊन करून जातो,
कागदाला दोन दिवस बांगड्याचा वास राहतो.
डब्लिनच्या बाईंनी कळवलंय,
तुमच्या केंद्राची सरासरी चांगली आहे.
सातवीची वेळ आली तर काय,
हे मी अजून ठरवलेलं नाही.

पहिल्या दिवशी दनूता फारसं बोलली नाही.
खुर्ची थोडी खिडकीकडे वळवून घेतली.
हात मांडीवर, पंजे उघडे, जणू अजून ओले आहेत.
जाताना दारात थांबून पाटीवरून बोट फिरवलं
आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं,
इथे काय लिहायचं राहिलंय?